सहावा हात

चर्चच्या न्यायालयाचा माणूस कागद वाचत होता तेव्हा इडोनियाचे हात कोपरापर्यंत राखेच्या पाण्यात होते. ते तिने बाहेर काढले नाहीत. तशीच वाकून, मान तेवढी वर करून ती ऐकत राहिली, आणि मीही आमच्या दारात शिंग खरवडायचं सोडून ऐकत राहिले. कागद लॅटिनमध्ये होता. वाचून झाल्यावर त्याने आमच्या भाषेत सांगितलं, की इडोनिया धोबीण ही सगळ्यांची बाई आहे अशी या गल्लीत बोलवा आहे. तिला ते कबूल नसेल तर तिने पंधरा दिवसांनी कॅथेड्रलमध्ये हजर व्हावं आणि सहा हातांनी शपथ घ्यावी.

"सहा कुठून आणू?" इडोनिया म्हणाली. "मला दोनच आहेत, आणि तेही कामात."

जमलेल्या बायका हसल्या. मी हसले नाही. ती काही बोलली आणि लोक हसले, की माझ्या पोटात दुखायचं.

सहा हात म्हणजे काय ते यॉर्कमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक हात आरोप असलेल्या बाईचा. बाकीचे पाच तिच्या गल्लीतल्या, घरंदाज, बोलायला जागा नसलेल्या बायकांचे. आधी तिने पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायची, की मी तशी नाही. मग एकेकीने हात ठेवून म्हणायचं, की हिची शपथ खरी आहे असं मी मानते. तुम्ही काय पाहिलंत, कधी पाहिलंत, असं कुणी विचारत नाही. मानता की नाही, एवढंच. पाचही जणींनी मानलं तर बाई घरी जाते. एक जरी हात कमी पडला तर आरोप तिला चिकटला. मग तीन रविवार अनवाणी, केस मोकळे सोडून, नुसत्या आतल्या झग्यावर, हातात मेणबत्ती घेऊन सगळ्या गावासमोर चर्चला फेरी. इडोनियाचं त्यावर भागणार नव्हतं. तिचं घर कॅथेड्रलच्या गाणाऱ्या पाद्र्यांच्या मालकीचं होतं, आणि त्यांचेच झगे ती धूत होती. असा डाग लागलेल्या भाडेकरणीला ते एक दिवस ठेवणार नव्हते. दुसरं कुणी घर देणार नव्हतं. उरली असती फक्त नदीकाठची ती गल्ली, जिचं नाव मी तोंडात घेत नाही.

आता 'सगळ्यांची बाई' हा आमचा शब्द नव्हे. तो कायद्याचा. वेशीबाहेरचं कुरण सगळ्यांचं, कुणीही आपली गाय सोडावी, तशी ही बाई. आम्ही गल्लीत वेगळे शब्द वापरायचो, आणि त्यातला एकही जन्मतः वाईट नव्हता. वेंच म्हणजे नुसती पोरगी. माझी आई मला त्याच शब्दाने हाक मारायची, आणि ती गेल्यावर मला सगळ्यात जास्त आठवण त्या हाकेची यायची. त्या वर्षी सिबिल भटारीण इडोनियाच्या पाठीमागे तोच शब्द असा दाताखाली धरून बोलायची, की पुन्हा तो लाडाने कुणाला लावायची सोय उरली नाही. तसाच दुसरा शब्द हार्लट. तो ऐकला की माझ्या सासूबाई चुलीपुढून कुरकुरायच्या.

"अगं, आमच्या वेळी हार्लट बाप्यांना म्हणायचे. हे असे भटके, फुकटच्या जेवणासाठी कोलांट्या मारणारे. माझा सख्खा मामा हार्लट होता. त्यांच्या अंगावरून काढून तो बायकांना कधी घातला, मला कळलंच नाही."

पुरुषांना ढगळ झाला असेल, असं मी म्हटलं.

"ढगळ कसला? जड झाला," सासूबाई म्हणाल्या.

लग्न न झालेल्या बाईला आम्ही साधं 'एकटी बाई' म्हणायचो. इडोनिया तशी होती. मग लंडनकडचा एक फिरता कापडवाला आला. धोबीण एकटी बाई आहे असं ऐकून त्याने डोळा मारला आणि सांगितलं, की आमच्याकडे नदीपलीकडे न्हाणीघरातल्या बायांना हेच नाव आहे. झालं. महिन्याभरात तो शब्दही बाटला. इडोनियाला काय म्हणावं असा प्रश्न पडला, तर वापरायला चांगला शब्दच उरला नव्हता. कोर्टाच्या कारकुनाचं बरं होतं. आम्ही दहा शब्द बोलायचो, तो सगळ्यांसाठी लॅटिनमध्ये एकच लिहायचा.

पण हे सगळं मी शब्दांच्या आडून सांगते आहे. खरं सांगायचं तर मला इडोनियाचा मत्सर वाटत होता. आजही वाटतो.

माझा नवरा थर्स्टन कंदिलांना काचेऐवजी बसवायची शिंगाची पानं करायचा. बैलांची शिंगं खड्ड्यात महिनोन्महिने कुजवायची, उकळायची, चिरून उलगडायची, तापल्या लोखंडात दाबायची आणि मग पलीकडचं दिसेपर्यंत खरवडायची. खरवडायचं काम माझं. आमच्या घराला त्या कुजक्या शिंगांचा वास होता. उशीला, पावाला, माझ्या केसांना. इडोनियाच्या अंगणाला उन्हात वाळलेल्या कापडाचा वास होता. मध्ये फक्त एक कुडाची भिंत.

थर्स्टन रोज दुपारची घंटा झाली की एप्रनखाली काहीतरी गुंडाळून त्या भिंतीपलीकडे जायचा आणि संध्याकाळच्या घंटेला परत यायचा. नदीवर जाताना तिचं घंगाळ उचलायचा. मला त्याचं बोलणं ऐकू यायचं, शब्द नाही, नुसता आवाज. घरात तो मीठ मागण्यापलीकडे बोलत नव्हता, आणि माझ्या तोंडाकडे तर बघतच नव्हता. मी काही बोलले की नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. मी मुद्दाम भिंतीशी शिंगं नेऊन बसायचे. त्याच्या बाह्यांचा वास घ्यायचे. राखेच्या पाण्याचा वास आला की माझा तिळपापड व्हायचा, आणि नाही आला तर मला वाटायचं आज कपडे बाजूला ठेवले असतील.

मग एके दिवशी मी तिच्या डोक्यात फणी पाहिली. शिंगाची, मधाच्या रंगाची, इतक्या बारीक दातांची की ते काम गावात एकाच माणसाचं असू शकतं. एकोणीस वर्षांच्या संसारात थर्स्टनने मला एक चमचा करून दिला होता. तोही गिऱ्हाइकाने नाकारलेला.

दुसऱ्याच दिवशी चर्चचे दोन कारभारी दारात आले. धर्मगुरूंची पाहणी जवळ आली की ते घरोघर विचारत फिरायचे, कुणी व्याजाने पैसे देतं का, कुणी रविवारी दुकान उघडतं का, कुणाची चाल वाकडी आहे का. त्यांनी भिंतीपलीकडे बोट दाखवून विचारलं, ही कशी आहे? मी एप्रनला हात पुसले.

"मी बाई काही बोलत नाही," मी म्हटलं.

एवढंच. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढच्या घरी गेले. पुढच्या घरी त्यांनी काय विचारलं असेल ते मला आत बसून कळत होतं. म्हणून सांगते, ती बोलवा गल्लीत होती हे खरं, पण तिला पाय मी दिले होते.

इडोनियाला चार हात लगेच मिळाले. लोकांना ती आवडायची. पाचवी चांभाराची बायको होती, पण तिच्या नवऱ्याला पाद्र्यांच्या जोड्यांची कामं मिळायची, त्याने तिला घरात बसवलं. तारखेच्या दोन दिवस आधी सकाळीच इडोनिया आमच्या अंगणात आली. थर्स्टन खाटकाकडे शिंगं आणायला गेला होता. ती आजवर कधी आमच्याकडे आली नव्हती, आणि वासाने नाक दाबलं नाही हे तिचं मला उगाच टोचलं.

"पाचवी फिरली," ती म्हणाली. "तू येशील का?"

गल्लीत बायकांचा दुष्काळ पडलाय का, असं मी विचारलं.

"नाही. पण तुला मी डोळ्यांसमोर चालत नाही हे न्यायाधीशाच्या घोड्यालासुद्धा माहीत असेल. मैत्रिणीने हात ठेवला तर लोक म्हणतात, ठेवणारच. तू ठेवलास तर पुन्हा कुणी बोलणार नाही."

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून अधिक राग आला. मी म्हटलं, आधी एका गोष्टीचं उत्तर दे. माझा नवरा रोज तुझ्या अंगणात काय करतो?

ती म्हणाली, "कुणाला सांगणार नाही असं मी त्याला कबूल केलंय."

"मग तुझा शब्द सांभाळ आणि घर खाली कर."

ती शिंगं फोडायच्या ठोकळ्यावर बसली. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. राखेच्या पाण्याने तिची बोटं फुटली होती, हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते.

"त्याला दिसत नाही, इब्बट," ती म्हणाली. "डावा डोळा गेलाय. उजव्याने धुरातून पाहिल्यासारखं दिसतं. दोन वर्षं झाली. तो पानं घेऊन येतो. मी ती वाळत घातलेल्या पांढऱ्या झग्यावर धरते आणि सांगते, इथे केसाएवढी चीर आहे, हे गढूळ आहे, हे चांगलं. बस. ती फणी डोळे चांगले असताना केलेली, मजुरी म्हणून दिली त्याने. मी नको म्हणत होते."

थर्स्टन पाव घेताना टेबलावरून हात सरकवत न्यायचा. पाण्याच्या बादलीत पाय घालायचा आणि मलाच दोष द्यायचा. माझ्या तोंडाकडे न पाहणं, तेही मी दुसऱ्याच खात्यावर टाकलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुझा भाऊ," इडोनिया म्हणाली.

माझा भाऊ गामेल आमच्या धंद्याच्या पंचायतीचा तपासनीस होता. आंधळ्या कारागिराची मालावरची छाप पंचायत काढून घेते, मग धंदा बंद. आणि सहा वर्षांपूर्वी थर्स्टनच्या एका घाण्यातल्या पानांना चिरा गेल्या होत्या, तेव्हा ते गामेलला मीच सांगितलं होतं. प्रामाणिकपणाचा केवढा तोरा होता मला. आमच्याच दारासमोर ती पानं फोडली गेली. थर्स्टन त्यावर एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं होतं, विसरला.

मला हायसं वाटायला हवं होतं. नवरा बाहेरख्याली नाही, शेजारीण स्वच्छ आहे, आणखी काय हवं बाईला? पण तसं वाटेना. तो तिच्या अंगाशी गेला असता तर ते मला कळलं असतं. पुरुष आहे, चार दिवसांनी विटेल, असं म्हणून मी वाट पाहिली असती. हे विटण्यातलं नव्हतं. त्याने आपली भीती तिच्या हवाली केली होती. मी त्याच्या शेजारी झोपत होते, आणि तो आंधळा होतो आहे हे भिंतीपलीकडच्या बाईला माहीत होतं.

"येशील?" तिने उठताना विचारलं.

"येईन," मी म्हटलं. आणि म्हटलं तेव्हा ते खरं होतं, यावर विश्वास ठेवा.

सोमवारी कॅथेड्रलच्या बाजूच्या लहान दालनात आम्ही पाचजणी रांगेत उभ्या राहिलो. न्यायाधीशाला सर्दी झाली होती. कारकून लेखणीला टोक काढत होता. मागे गल्लीतले लोक होते, आणि त्यांच्यात पुढे माझा भाऊ गामेल, कारण असल्या ठिकाणी तो नेहमी पुढेच असायचा. इडोनियाने करडा झगा घातला होता, डोकं झाकलं होतं. तिने पुस्तकावर हात ठेवून स्पष्ट आवाजात शपथ घेतली. पहिल्या बाईने मानलं. दुसरीने मानलं. तिसरी घाबरून अडखळली, पण तिनेही मानलं.

चौथी बोलत असताना थर्स्टन आत आला. मला त्याने सांगितलं होतं की त्याला काम आहे. तो खांबाला धरून उभा राहिला. आमच्यातली कोण कुठे उभी आहे हे त्याला दिसत नसणार, पण इडोनिया खोकली तशी त्याची मान तिच्याकडे वळली आणि तिथेच राहिली. लोखंडात शिंग दाबताना तडा जातोय का हे ऐकायला तो अशीच मान करायचा. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. आमचं दुसरं मूल पुरलं तेव्हाही मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"इब्बट, थर्स्टन कंदिलवाल्याची बायको," न्यायाधीश म्हणाला, "या बाईची शपथ खरी आहे असं तू मानतेस?"

मी मानत होते. त्या चौघींपेक्षा जास्त मानत होते, कारण त्या अंदाजाने बोलत होत्या आणि मला माहीत होतं. पुस्तक माझ्यापासून हातभर लांब होतं. थर्स्टनची मान अजून तिकडेच होती. मी दोन्ही हात एप्रनखाली घातले.

"मला सांगता येत नाही," मी म्हणाले.

मागे कुजबुज झाली. न्यायाधीशाने नाक पुसून पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा तो इडोनियाकडे वळला. तुला आणखी काही सांगायचं आहे का? कंदिलवाला तुझ्या अंगणात रोज येतो असं लोक म्हणतात, तो कशाला येतो?

इडोनियाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग पुढे उभ्या असलेल्या गामेलकडे, मग खांबाकडे. त्याला दिसत नाही, एवढं एक वाक्य ती बोलली असती तर तिचं घर वाचलं असतं. थर्स्टनने खांब सोडून एक पाऊल पुढे टाकलं. तो बोलणार होता असं मला आजही वाटतं. तिने त्याला बोलू दिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "काही सांगायचं नाही."

कारकुनाने लिहिलं. एकच शब्द होता, त्याला वेळ लागला नाही.

तीन रविवार ती अनवाणी चालली. थंडी होती, दगड ओले होते. मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली आणि दोन्ही वेळा तिने थांबून फेरीतल्या दुसऱ्या कुणाच्या मेणबत्तीवर लावून घेतली, घाई केली नाही. मी गर्दीत होते. त्यानंतरच्या आठवड्यात पाद्र्यांनी घराला कुलूप लावलं आणि ती घंगाळ डोक्यावर घेऊन गेली. कुणी म्हणे हल बंदराकडे गेली, कुणी म्हणे नदीकाठच्या गल्लीत. वर्षभराने मी विहिरीवर दोन पोरींना भांडताना ऐकलं. एक दुसरीच्या बहिणीला म्हणाली, तुझी बहीण इडोनिया आहे. ती कोण होती हे त्या पोरींना माहीत नव्हतं. तो आता नुसता शब्द होता, आमच्या गल्लीचा स्वतःचा, आणि तो घडला तेव्हा मी तिथे होते.

थर्स्टनने मला मारलं नाही, शिवी दिली नाही, विचारलंही नाही. उन्हाळाभर तो एकटा दारात बसून पानं डोळ्यांच्या अगदी जवळ धरत राहिला. गामेल दोनदा माल पाहून गेला. दुसऱ्या वेळी त्याने कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा मी एक चादर राखेच्या पाण्यात पांढरीशुभ्र धुतली, अंगणात वाळत घातली आणि थर्स्टनपुढे बसून हात पुढे केला.

"दे," मी म्हटलं. "मी बघते."

मला किती माहीत आहे ते त्याला तेव्हा कळलं. आणि कधीपासून माहीत आहे, तेही, कारण हे सांगणारी एकच होती आणि ती गल्ली सोडून गेली होती. त्याने पानांची चवड माझ्या मांडीवर ठेवली.

त्याला आता चौदा वर्षं झाली. गामेलला मी काही सांगितलं नाही, थर्स्टनची छाप शाबूत आहे. रोज दुपारची घंटा झाली की आम्ही दोघं चादरीशेजारी बसतो. मला हवं होतं ते हेच. मी एकेक पान उन्हात धरते आणि सांगते, इथे चीर आहे, हे गढूळ आहे, हे चांगलं. इतक्या वर्षांत मी एकदाही खोटं सांगितलेलं नाही. तो ऐकतो, मान हलवतो. मग माझ्या हातातून पान घेतो, अंगठा काठाकाठाने सावकाश फिरवतो, पुन्हा एकदा मधोमध फिरवतो, आणि मगच ते चांगल्यांत ठेवतो.